गाडीतला जुना जीपीएस अपडेट करावा की सरळ मोबाईल लावावा?

गुहागरी
नमस्कार मंडळी. बाबांची गाडी २०१२ची आहे, टॉप मॉडेल, तेव्हा मोठ्या हौसेनं घेतलेली. त्यात कंपनीनंच बसवलेला टचस्क्रीन नेव्हिगेशन आहे, नकाशा एसडी कार्डावर. घेतल्यापासून एकदाही अपडेट नाही. परवा सर्व्हिसिंगला टाकली तर तिथला माणूस म्हणाला नवीन कार्ड मागवावं लागेल, साडेनऊ हजार, आणि त्यात कुठल्या सालचा नकाशा येईल ते कार्ड हातात आल्यावरच कळेल.

मी म्हटलं राहू द्या, होल्डर आणतो आणि मोबाईल लावतो. पण बाबा अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, मोबाईलवर मॅप लावला की ऐन वळणावर कुणाचातरी फोन येतो आणि मॅप गायब, अक्षरं बारीक, आणि ताम्हिणीत शिरलं की रेंज जाते. "त्या डब्याला निदान रेंज तरी लागत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमचं जाणं-येणं पुणे ते गुहागर, कधी कराड-पाटण-कुंभार्ली, कधी ताम्हिणी-माणगाव-महाड. चांदणी चौकातच डब्याची वाट लागते. जुना पूल २०२२ मध्ये पाडला, २०२३ ला नवीन उड्डाणपूल आणि रॅम्प सुरू झाले, डब्याला यातलं काहीच माहीत नाही. स्क्रीनवर आमची गाडी हिरव्या रंगात पोहत असते आणि बाई मेक अ यू टर्न मेक अ यू टर्न करत असते. कशेडीच्या बोगद्यातून गेलो तेव्हा तर बाण जुन्या घाटाच्या वळणांकडे ओढ घेत होता आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी आलो तरी बाईचं रिकॅल्क्युलेटिंग संपेना.

बाबांचं वय ७१, गाडी उत्तम चालवतात. काय करू? अपडेट, मोबाईल की तिसरंच काही?

तिरपा_स्पॅनर
साडेनऊ हजार?? नकाशाला?? देऊ नका.

कार्ड बाहेरून स्वस्तात भरून घेऊ असाही विचार करू नका, कंपनी फिटेड युनिटमध्ये बऱ्याचदा कार्डाचा आतला नंबर (सीआयडी म्हणतात) तपासला जातो, फाईली दुसऱ्या कार्डावर जशाच्या तशा कॉपी केल्या तरी ते चालत नाही. आणि समजा ओरिजिनल कार्ड घेतलंत तरी युनिट तेच राहणार ना, तोच हळू प्रोसेसर, तोच नखानं दाबायचा टच. पाच अक्षरं टाईप करेपर्यंत मागचे हॉर्न मारायला लागतात.

ढोल्या
काकांना सांगा काच खाली करून टपरीवाल्याला विचारायचं. कायम अपडेटेड, रेंज लागत नाही, वर चहा मिळतो.

बाभूळवन
@ढोल्या टपरीवाला "सरळ जा, पुढे कुणालाही विचारा" म्हणतो, ते काय अपडेटेड म्हणायचं.

निवृत्त_नकाशा
थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

गाडीतल्या डब्यात दोन भाग वेगळे धरा. एक रिसीव्हर, दुसरा नकाशा. रिसीव्हर उपग्रहांचे सिग्नल घेतो, निदान चार उपग्रह दिसले की अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ काढतो. याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. चांदणी चौकात तुमचा डबा तुम्ही कुठे आहात ते बरोबरच सांगतोय, फक्त त्या जागी त्याच्या नकाशात रस्ता नाही. मोबाईलमध्येही असाच रिसीव्हर असतो, उलट आजच्या मोबाईलमधला जास्त चांगला, कारण तो अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू हेही ऐकतो आणि काही मॉडेलांत आपल्या इस्रोचा नाविकसुद्धा. म्हणजे बाबांना वाटतं तसं रेंज गेली म्हणून मोबाईलचा जीपीएस मरत नाही. मरतो तो नकाशा, आधी उतरवून ठेवला नसेल तर.

जुन्या डब्यांची अजून एक गंमत. जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा दहा बिटांचा असतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. पहिल्यांदा हे ऑगस्ट १९९९ ला झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या युनिटच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय नाही त्यांची तारीख एकदम १९-२० वर्षं मागे जाते, आणि सगळ्यांची त्याच दिवशी जाते असंही नाही, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं मोजणी कुठून धरली त्यावर असतं. हॉन्डाच्या काही जुन्या गाड्यांची घड्याळं जानेवारी २०२२ मध्ये २००२ सालात गेली होती ती याच भानगडीतून. रस्ता दाखवायला त्यानं सहसा अडत नाही, पण पोचण्याची वेळ भलतीच दाखवतो. तुमच्या युनिटवरची तारीख एकदा बघा. ती चुकलेली असेल तर नुसतं नकाशाचं कार्ड बदलून दुरुस्त होईलच असं नाही, त्याला फर्मवेअर (युनिटच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) लागतं, आणि इतक्या जुन्या युनिटला ते मिळण्याची आशा कमीच.

गुहागरी
@निवृत्त_नकाशा आत्ता खाली जाऊन बघून आलो. तारीख मे २००६ दाखवतंय!!! बाबा म्हणाले "मला वाटलं बॅटरी काढल्यामुळे असेल".

निवृत्त_नकाशा
मग साडेनऊ हजारांचा प्रश्नच मिटला.

खडूस_काका
सगळे एका सुरात मोबाईल मोबाईल करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, बाबांची बाजू.

बसवलेल्या युनिटची स्क्रीन नजरेच्या रेषेत असते, हलत नाही, घाटात होल्डरसकट मांडीवर येऊन पडत नाही. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वाजत नाही. आणि कंपनीनं बसवलेल्या चांगल्या युनिटला चाकाच्या वेगाची तार जोडलेली असते, आत जायरो (गाडी किती वळली ते मोजणारा सेन्सर) असतो, त्यामुळे बोगद्यात सिग्नल गेला तरी गाडी किती पुढे गेली ते त्याला कळतं. मोबाईल अशा वेळी शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतो, आणि आत ट्रॅफिक थांबलं तरी स्क्रीनवर तुमची गाडी कधीच बाहेर पडलेली असते.

शिवाय वाहतूक पोलीस. मोबाईल हातात दिसला की शिट्टी. माझ्या माहितीप्रमाणे गाडी चालवताना मोबाईल म्हणजे दंड.

तिरपा_स्पॅनर
@खडूस_काका बोगद्याचा मुद्दा मान्य, पण एक्सप्रेसवेच्या बोगद्यात फाटा कुठे फुटतो? बाण थांबला तर थांबला, आत गेलेला माणूस पलीकडूनच बाहेर पडणार.

दंडाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झालाय, रस्ता बघण्यापुरता मोबाईल वापरायला परवानगी आहे, अट अशी की चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे होल्डरला लावून मॅप चालेल, हातात धरून बोललात तर दंड आहेच. होल्डर काचेच्या मधोमध चिकटवू नका म्हणजे झालं, समोरचंच दिसत नाही.

लेकसाईडची_माई
इथे शिकागोजवळ आमच्याकडे गार्मिन कंपनीचा नुवी, काचेला लावायचा वेगळा जीपीएस, अजून चालू आहे म्हणून लिहिते. घेतला तेव्हा लाईफटाईम मॅप्सवाला घेतला होता, त्यात लाईफटाईम म्हणजे आपलं नव्हे, त्या उपकरणाचं, आणि तेही कंपनीला नकाशाचा डेटा मिळत राहीलतोवर. तरी अपडेट आजवर फुकट मिळालेत हे खरं. कटकट अशी की नकाशा दर वेळी फुगत जातो आणि आतल्या मेमरीत मावेनासा होतो, मग मायक्रो एसडी घालायची, कंप्युटरला केबलनं लावायचा, गार्मिन एक्सप्रेस हे त्यांचं सॉफ्टवेअर चालू करायचं आणि झोपायला जायचं, सकाळपर्यंत होतं. मध्येच केबल हलली की पहिल्यापासून.

ह्यांना तोच आवडतो. नॅशनल पार्कात आत गेलो की मैलोन्मैल नेटवर्क नसतं आणि नुवी शांतपणे चालू असतो. शहरात मात्र मी मोबाईलच लावते, कारण नुवीला पुढचा अपघात दिसत नाही. दोन्ही लावून निघालो की दोन बाया दोन दिशांना बोलावतात आणि तिसरी मी.

ढोल्या
माई _/\_ तिसरीचंच ऐकावं लागत असणार.

घाटवाट_सई
@गुहागरी ताम्हिणीत मी बरीच जाते (कामासाठी, फिरायला नाही), त्यामुळे हे सांगू शकते.

गूगल मॅप्सचा ऑफलाईन नकाशा उतरवा. घरच्या वायफायवर, प्रोफाईलच्या चित्रावर टॅप, ऑफलाईन मॅप्स, मग चौकोन ओढून पुण्यापासून गुहागरपर्यंतचा पट्टा त्यात बसवायचा. एकच मोठा चौकोन घेतला नाही तरी चालतं, दोन घ्या, फक्त एकमेकांवर थोडे चढलेले असू द्या. रेंज गेली तरी त्यावर रस्ता सापडतो, वळण चुकलं तर नवीन रस्ताही काढून देतो. काय मिळत नाही तर ट्रॅफिक, म्हणजे माणगावात किती वेळ सडणार ते कळणार नाही. आणि ऑफलाईनमध्ये फक्त गाडीचा रस्ता मिळतो, चालत किंवा टू व्हीलरचा नाही.

उतरवलेला नकाशा काही काळानं एक्सपायर होतो. वायफायवर आपोआप अपडेट व्हायचं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर मुळशी सोडल्यावर कळतं की नकाशा गेला.

दुसरं म्हणजे ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही अ‍ॅप्स. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशाचा डेटा आहे, सगळं राज्यच्या राज्य फोनमध्ये ठेवता येतं, जाहिराती नाहीत. गावातल्या वाड्या, पायवाटा, ओढे यात कधीकधी गूगलपेक्षा जास्त दिसतात कारण तिथल्याच कुणीतरी भरलेले असतात. दुकानं-हॉटेलं शोधायला मात्र कच्चं. मॅपल्सही टाकून बघा, मॅपमायइंडिया या आपल्याकडच्या नकाशा कंपनीचं. बाबांच्या डब्यातला नकाशा बहुधा त्यांचाच असेल. उड्डाणपुलाच्या तोंडाशी कुठली लेन धरायची ते चित्र काढून दाखवतं, चांदणी चौकासारख्या ठिकाणी ते फार उपयोगी आहे.

बाभूळवन
समृद्धीवर जुना डबा लावून बघा कुणीतरी. आमच्या नागपुरापासून शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर झाला. २०१२ च्या नकाशात तुम्ही दिवसभर कापसाच्या शेतातून १२० नं चाललेले असता.

आणि गावांची नावं. छत्रपती संभाजीनगर टाका, सापडत नाही. धाराशिव टाका, नाही. अहिल्यानगर, नाही. जुनी नावं टाकली की लगेच.

पण मोबाईलवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नका. जानेवारी २०२१ ला अकोले तालुक्यात कोतूळकडे रात्री जाणारी गाडी धरणाच्या पाण्यात गेली होती, चालवणारा गेला बिचारा. मॅपवर रस्ता दिसत होता, प्रत्यक्षात पूल पाण्याखाली. त्या भागातल्या पोरासोरांना माहीत होतं की पाणी सोडल्यावर तो रस्ता बंद असतो. तिकडे बरेलीला नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्धवट पुलावरून गाडी खाली गेली, तिघे गेले. तो नकाशा काही बारा वर्षांपूर्वीचा नव्हता.

घाटवाट_सई
+१. पावसाळ्यात तर हे फारच लागू. वरंधा घाट दर पावसाळ्यात जड किंवा सगळ्याच वाहनांना बंद करतात, कलेक्टर ऑफिसचा आदेश निघतो, पेपरात येतो, मॅपवर त्याच दिवशी आला तर नशीब. मी निघण्याआधी भोर किंवा महाडच्या ओळखीच्या माणसाला फोन करते. हे कुठल्याही अ‍ॅपनं सुटत नाही.

रात्री अनोळखी भागात मॅप जर डांबरी सोडून कच्च्यात शिरायला सांगत असेल आणि वाचवत असेल चार मिनिटं, तर ती चार मिनिटं सोडून द्यायची.

गुहागरी
सगळ्यांचे आभार, फारच माहिती मिळाली. बाबांना ऑफलाईनचं दाखवलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून कॉलनीत एक चक्कर मारली, निळा ठिपका हलतोय बघून ते गप्प झाले. रेंजचा मुद्दा निकालात.

आता उरला कॉलचा. बाबांना फोन येतातच, आणि ते फोन न घेणं हा त्यांच्या दृष्टीनं समोरच्याचा अपमान. त्यावर काय?

तिरपा_स्पॅनर
घरात जुना अँड्रॉईड फोन पडला असेल ना? सिम नको. ऑफलाईन नकाशे भरा, होल्डरला कायमचा लावा, ट्रॅफिक हवं तर बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट. त्यावर कॉल येणारच नाही. म्हणजे तोच डबा झाला, फक्त नकाशा ताजा.

निवृत्त_नकाशा
हे चालेल, दोन गोष्टी बघा. एक, सिम आणि नेट नसलेल्या फोनला पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. नेट असलं की कुठला उपग्रह कुठे आहे ती माहिती फोन आयती घेतो, नसलं की ती उपग्रहाकडून हळूहळू उतरवावी लागते. प्रत्येक उपग्रहाची कक्षा कळायला अर्धं मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. म्हणून पार्किंगमधून निघायच्या आधी, तेही स्लॅबखाली नाही, उघड्यावर, जरा थांबायचं.

दोन, गाव शोधून न मिळता कुणी आकडे पाठवले तर ते टाकताना जपा. मोबाईलवरून येतात ते दशांश अंशात, जुनी युनिटं अंश-मिनिटं मागतात. पुण्याचं १८.५२ म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं, १८ अंश ५२ मिनिटं नव्हे. या एका गोंधळात माणूस ३९ किलोमीटर उत्तरेला जाऊन पोचतो.

खडूस_काका
जुना फोन डॅशबोर्डवर कायमचा?? मे महिन्यात? गाडी उन्हात लावून लग्नाला गेलात की आतलं तापमान काय होतं माहीत आहे ना. आयफोनसाठी अ‍ॅपल स्वतः सांगते की वापरताना ३५ अंशांपर्यंत आणि बंद ठेवलेला ४५ पर्यंत. बंद गाडी याच्या कितीतरी वर जाते. जुन्या फोनची बॅटरी आधीच दमलेली असते, ती फुगते, मागचं झाकण उचलतं. आमच्या शेजाऱ्यांनी काढला तेव्हा पोळीसारखा टम्म झाला होता.

कंपनीचं युनिट मात्र उन्हातच राहण्यासाठी बनवलेलं असतं, हे लक्षात घ्या.

घाटवाट_सई
काकांचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. उतरताना फोन काढून घ्यायचाच. होल्डर काचेला न लावता एसीच्या जाळीला लावला तर चालू गाडीत गार राहतो. काचेवर ऊन थेट लागतं, फोन तापला की आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो, आणि नेमकं दुपारी दोनला, जेव्हा तशीही काही दिसत नाही. (हिवाळ्यात हीटर लावणाऱ्यांनी मात्र जाळीचा होल्डर टाळा, पण पुणे-गुहागरला हीटर कोण लावतंय.)

चार्जर चांगला घ्या. लायटरच्या भोकात घालायचे स्वस्त चार्जर इतके कमी अँपिअर देतात की मॅप चालू असताना चार्जिंग लावूनही बॅटरी उतरतच राहते.

लेकसाईडची_माई
आवाजाचं कुणी बोललं नाही. जुन्या गाडीत ब्लूटूथ फक्त कॉलपुरतं असतं, त्यामुळे रेडिओ चालू असला की मॅपची बाई ऐकूच येत नाही. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये सूचना ब्लूटूथ कॉलसारखी वाजवायचा पर्याय आहे, तो चालू केला की वळण आलं की गाडीला वाटतं फोन आला, रेडिओ थांबतो, बाई बोलते, परत रेडिओ सुरू. माझ्या जुन्या टोयोटात हेच चालतं.

बाभूळवन
@लेकसाईडची_माई हे माहीत नव्हतं, आजच लावतो. धन्यवाद.

गुहागरी
बाबांनी धागा वाचला (मी प्रिंट काढून दिला, स्क्रीनवर वाचत नाहीत). जुना फोन नको म्हणाले, बॅटरीचं वाचून घाबरले. पण त्यांना स्क्रीन हवी ती गाडीतच बसवलेली. मग भावानं सुचवलं की डबा काढून त्या जागी अँड्रॉईड ऑटोवाली नवीन स्क्रीन बसवू, फोन खिशात, मॅप मोठ्या पडद्यावर, कॉल आला तर वर पट्टी येते आणि मॅप जागेवर राहतो. बाजारात दहा-बारा हजारांपासून आहेत म्हणे. घ्यावं का?

तिरपा_स्पॅनर
घ्या, हेच उत्तर आहे. साडेनऊच्या कार्डापेक्षा किती तरी बरं. दोन प्रकार दिसतील. एक, नुसता अँड्रॉईडचा टॅब्लेट असलेलं स्वस्त युनिट, दिसायला भारी, दोन वर्षांत गोगलगाय होतं. दुसरं, अँड्रॉईड ऑटो आणि कारप्ले (आयफोनसाठी तेच) चालवणारा ब्रँडेड स्टिरिओ. दुसरं घ्या. सगळी अक्कल तुमच्या फोनमध्ये राहते, स्क्रीन नुसती दाखवते, त्यामुळे फोन बदलला की नकाशाही बदलला.

बसवताना: तुमच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर (तारा न कापता जोडायचा सॉकेट) मिळतो का ते आधी विचारा. तारा कापून टेप लावणाऱ्याकडे जाऊ नका, कपलरनंच जोडून घ्या म्हणजे उद्या गाडी विकताना जुना डबा परत बसवता येतो. स्टिअरिंगवरची बटणं चालतात का ते बिल द्यायच्या आधी दाबून बघा.

खडूस_काका
आणि रिव्हर्स कॅमेरा असेल तर तो कंपनीचा कॅमेरा नव्या युनिटवर चालेल का हेही विचारा. काही कंपन्यांचे कॅमेरे सहा व्होल्टवर चालतात आणि बाहेरची युनिटं बारा देतात, थेट जोडला तर कॅमेरा जळतो.

गुहागरी
कॅमेरा आहे, कंपनीचाच. बरं झालं सांगितलंत काका, शनिवारी दुकानात जातोय, हे पहिलं विचारतो.

खडूस_काका
बाबांनाही बरोबर न्या. स्क्रीनवरची अक्षरं त्यांना वाचता येतात की नाही ते दुकानातच कळू दे.